दुसऱ्या टीममधली जागा: न्यू जर्सीतल्या ट्रॅव्हल सॉकरच्या ट्रायआउट्स

आमची सई दुसरीत असल्यापासून गावच्या रेक लीगमध्ये सॉकर खेळत होती. रेक म्हणजे नाव नोंदवलं की प्रवेश पक्का. सीझनचे सव्वाशे-दीडशे डॉलर, आठवड्याला एक प्रॅक्टिस, शनिवारी मॅच आणि कोच म्हणून कोणाचे तरी बाबा. हरा नाहीतर जिंका, शेवटी सगळ्यांना संत्र्याच्या फोडी आणि ज्यूसची पाकिटं. मला स्वतःला हे फार आवडायचं. पण गेल्या हिवाळ्यात सईनंच सांगितलं की तिला ट्रॅव्हल टीमसाठी प्रयत्न करायचाय, कारण शाळेतल्या तिच्या दोन मैत्रिणी तिथे खेळतात.

मी पुण्यात वाढले. शाळेची खो-खोची टीम आमच्या पीटीच्या बाई मैदानावर उभ्या उभ्या निवडायच्या, पाच मिनिटांत. इथे त्याच कामाला अर्ज, डिपॉझिट, करार, जन्माचा पुरावा आणि फिफा लागते. फिफा गमतीनं म्हणत नाही, खरंच लागली. ते पुढे येईलच. जानेवारी ते सप्टेंबर २०२५ असा हा प्रकार चालला. आमच्या मराठी मंडळातल्या तीन-चार जणींनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले, तेव्हा एकदाचं लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी उतरंड. रेकच्या वर गावचाच ट्रॅव्हल क्लब असतो. तिथे निवड होते, ट्रेनर पगारी असतो, आठवड्याला दोन प्रॅक्टिस आणि वीकेंडला मॅच, त्यातल्या निम्म्या दुसऱ्यांच्या गावी. त्याच्या वर खासगी क्लब, ज्यांना गावाची हद्द नसते आणि ज्यांच्या वेबसाइटवर आद्याक्षरांची गर्दी असते: ईसीएनएल, जीए, ईडीपी, मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट. ही लीगची नावं आहेत, क्लबांची नव्हेत, हे कळायलाच मला महिना गेला. मुलींची ईसीएनएल २००९ पासून आहे. यूएस सॉकरची, म्हणजे देशाच्या सॉकर संघटनेची, स्वतःची लीग डेव्हलपमेंट अकॅडमी एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, बंद झाली. त्यानंतर मुलांसाठी एमएलएस नेक्स्ट आणि मुलींसाठी गर्ल्स अकॅडमी, म्हणजे जीए, उभ्या राहिल्या. हे पाठ करायची काही गरज नाही. क्लबच्या वेबसाइटवर झळकणारा बिल्ला त्यांच्या वरच्या टीमचा असतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. त्याच क्लबची तिसरी टीम पुष्कळदा आपल्या गावच्या टीमशीच खेळत असते आणि फी मात्र मोठ्या क्लबची भरते.

दुसरी गोष्ट वयोगटाची. २०१७ पासून इथे जन्मवर्षानुसार गट पडायचे, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. सई नोव्हेंबर २०१४ ची, त्यामुळे २०२५-२६ च्या सीझनला ती यू-१२ मध्ये, म्हणजे बारा वर्षांखालच्या गटात. पण शाळेचा प्रवेश ठरतो वेगळ्या तारखेनं, त्यामुळे ती पाचवीत आणि तिच्या गटातल्या बहुतेक मुली सहावीत. अकरा वर्षांच्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे चांगली चार बोटं उंची. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलींच्या आयांनो, ट्रायआउटला, म्हणजे निवडचाचणीला, आपली मुलगी एवढीशी दिसली तर दचकू नका. सगळ्याच कोचना हा फरक दिसतो असं नाही, पण चांगल्या कोचला दिसतो.

फेब्रुवारीत मी तीन ठिकाणं हेरली: आमच्या गावचा क्लब, पंचवीस मिनिटांवरचा एक खासगी क्लब आणि शेजारच्या गावचा क्लब, जो बाहेरच्या मुली घेतो पण त्यांना जादा फी लावतो. नावं मुद्दाम देत नाही. तिघांच्या तारखा मार्चच्या शेवटी वेबसाइटवर आल्या, नोंदणी ऑनलाइन. गावच्या क्लबला ट्रायआउटची फी नव्हती, खासगीवाल्यांनी तीस डॉलर घेतले. अर्जात जन्मतारीख, आधी कुठे खेळली, कुठल्या जागी खेळते, डॉक्टरचं नाव, इन्शुरन्सचा नंबर आणि डोक्याला मार लागल्यावर काय करायचं याच्या पत्रकावर पालकांची सही. ‘कुठल्या जागी खेळते’ इथे मी सईला विचारलं तर म्हणाली, "रेकमध्ये सगळीकडेच खेळते ना आई." तेच लिहिलं. नंतर एका कोचनं सांगितलं की हे उत्तर त्यांना ‘सेंटर फॉरवर्ड’पेक्षा बरं वाटतं, कारण सेंटर फॉरवर्ड प्रत्येकीलाच व्हायचं असतं.

एप्रिलमध्ये क्लब मोफत सराव ठेवतात. कोणी त्याला क्लिनिक म्हणतं, कोणी ओपन ट्रेनिंग. या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या: त्या सरावांना जाच. त्याचं कारण मला हळूहळू उमगलं. आपल्या डोक्यात निवड म्हटलं की दहावीची गुणवत्तायादी असते. सगळे एकाच दिवशी एकच पेपर देणार, मार्कांप्रमाणे क्रम लागणार, वरच्या सोळा आत. इथे तसं काहीच नसतं. या वयात खेळ नऊ-नऊ जणींचा, त्यात रॉस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, जास्तीत जास्त सोळा मुली घेता येतात. आधीच्या वर्षीच्या बारा-तेरा मुली परत येणार असतात आणि कोचला त्या वर्षभर माहीत असतात. उरल्या तीन-चार जागा. त्यातली एक गोलकीपरसाठी राखलेली. दोन संध्याकाळी दीड-दीड तासात तीस-चाळीस मुली बघून कोच त्या जागा भरतो, आणि ज्या मुलीला त्यानं एप्रिलमध्ये तीन आठवडे पाहिलंय ती त्याला ओळखीची असते. लबाडी म्हणाल तर नाही. माणसाचा स्वभाव आहे. आम्ही गावच्या क्लबच्या सरावांना नेमानं गेलो, खासगी क्लबच्या एकदाच, आणि पुढे जे झालं त्यात याचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

सराव बघताना अजून एक काम करता येतं: कोच पाहायचा. मुली चुकल्यावर तो काय करतो, शेवटच्या रांगेतल्या मुलीचं नाव त्याला आठवतं का, पाणी प्यायच्या वेळात तो फोन बघतो की मुलींशी बोलतो. ट्रायआउटला ते आपली मुलगी पाहतात, आपण आधीच त्यांना पाहून घ्यावं.

मेच्या पहिल्या आठवड्यात सगळं एकत्र आलं. गावच्या क्लबची ट्रायआउट सोमवारी ५ आणि बुधवारी ७ मेला, खासगी क्लबची मंगळवारी ६ आणि गुरुवारी ८ मेला, शेजारच्या गावाची शनिवारी १० मेला. शाळेची राज्य चाचणी त्याच सुमारास. तारखा एकमेकींवर आदळल्या तर कोचला आधी ईमेल करा. एक दिवस चुकला तर बहुतेक जण चालवून घेतात, न सांगता गैरहजर राहिलेलं मात्र लक्षात ठेवतात.

सोमवारी सहा वाजता टर्फवर पोचलो तेव्हा थंडगार वारा होता. टेबलावर नाव सांगायचं, नंबरचा बिब घ्यायचा आणि पालकांनी कुंपणाच्या बाहेर. सईचा नंबर ११७. तिथेच पहिली अडचण उभी राहिली: कानातले. सॉकरच्या नियमात कुठलाही दागिना चालत नाही, आणि वरून टेप लावून झाकलेलाही चालत नाही. सईच्या कानात लहानपणापासूनच्या सोन्याच्या रिंगा, फिरकी घट्ट बसलेली. टेबलावरच्या बाईंनी नम्रपणे पण ठाम सांगितलं की काढल्याशिवाय मैदानात नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या दिव्यात दहा मिनिटं झटापट करून त्या काढल्या आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या. मनगटातला काळा दोरा, गळ्यातली साखळी, केसातल्या कडक क्लिपा, सगळं घरीच ठेवून जा. आणि मुलीचे कान टोचायचे असतील तर सीझन संपल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी टोचा. भोक पक्कं होईपर्यंत दागिना काढता येत नाही आणि रेफरीला ते कारण चालत नाही.

बाकी सामान: चार नंबरचा बॉल (यू-९ ते यू-१२ चारच), पिंढरीवरचे शिनगार्ड आणि ते झाकणारे लांब मोजे, भरपूर पाणी, नाव न लिहिलेला साधा टीशर्ट. एक मुलगी बार्सिलोनाची पूर्ण जर्सी घालून आली होती, तिचं काही बिघडलं नाही. पण दुसऱ्या क्लबची जर्सी घालून जाऊ नये, एवढा संकेत आहे.

पहिल्या दिवशी छोट्या चौकोनात बॉल राखणं, एकास एक, मग चार-चारच्या मॅच. तीन माणसं हातात पॅड घेऊन फिरत होती. कुंपणाला लागून आम्ही पालक, आणि काय सांगू, मॅचपेक्षा तिथलं वातावरण जड. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांचे डोळे पॅडवर. एक बाबा आपल्या मुलीला सारखे "शूट! शूट!" ओरडत होते, त्यांना अखेर संयोजकांनी येऊन गप्प केलं. सईनं पहिला अर्धा तास बॉलच मागितला नाही. कोपऱ्यात उभी राहिली, पास आला की घाईनं दुसरीला देऊन मोकळी. मग एका लाल केसांच्या मुलीनं तिला धक्का देऊन बॉल घेतला आणि पुढचा तासभर आमची बाई चवताळून खेळली. गाडीत बसल्यावर मी फक्त "भूक लागली का?" एवढंच विचारलं. खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे मला एका अनुभवी मैत्रिणीनं बजावून ठेवलं होतं.

खासगी क्लबची ट्रायआउट जास्त शिस्तीची होती. मुली तिथल्या वेगवान, बॉल न बघता पास देणाऱ्या. सई तिथे मध्यम वाटली, मलाही दिसत होतं. गुरुवारी रात्री साडेनऊला, आम्ही घरी पोचून तास होतो न होतो, त्यांचा ईमेल: अभिनंदन, यू-१२ च्या तिसऱ्या टीममध्ये जागा देत आहोत, ती ४८ तासांत स्वीकारावी, ५०० डॉलर डिपॉझिट परत मिळणार नाही. वर्षाची फी ३,२०० डॉलर, कपड्यांचा सेट वेगळा, टूर्नामेंटचा खर्च वेगळा.

आता हे गणित पाहा. त्यांची मुदत शनिवारी रात्री साडेनऊला संपते. शेजारच्या गावाची ट्रायआउट शनिवारी सकाळी. आपल्या गावाचा निकाल ‘वीकेंडपर्यंत’. म्हणजे बाकी दोन्ही उत्तरं हातात येण्याआधी पाचशे डॉलर द्यायचे. ही वेळ चुकून जुळलेली नसते. पहिला ईमेल पाठवणाऱ्याला मुली मिळतात, हे सगळ्या क्लबांना कळतं.

नवऱ्याचं म्हणणं, "नाव मोठं आहे, घेऊन टाकू." त्याच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी तिथे खेळून कॉलेजला स्कॉलरशिपवर गेली होती. हा विषय आपल्या लोकांत फार लवकर निघतो म्हणून सांगते: डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सर्वांत वरच्या पातळीच्या, महिला सॉकर टीमला इतकी वर्षं जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिपएवढीच रक्कम वाटता यायची, तीही पंचवीस-तीस मुलींत तुकडे करून. ते नियम २०२५ मध्ये बदलले. पण दहा वर्षांच्या मुलीच्या तिसऱ्या टीमचा हिशेब त्यावरून मांडायचा नाही, यावर आमचं तास-दीड तासानं एकमत झालं.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, म्हणजे अडीच-पावणेतीन लाख रुपये भरून राखीव बसायचं?"

शुक्रवारी सकाळी मी खासगी क्लबला दोन गोष्टी लिहिल्या. एक, सोमवारपर्यंत मुदत वाढवून मिळेल का. दोन, प्रश्नांची यादी: या टीमचा कोच नक्की कोण, तो आणखी किती टीम सांभाळतो, टीम कुठल्या लीगमध्ये आणि कुठल्या फ्लाइटमध्ये (लीगमधल्या पातळीवर) खेळणार, रॉस्टरवर किती मुली ठेवणार, प्रत्येकीला किमान किती वेळ खेळवणार, आणि वर्षाच्या मध्ये मुली वरच्या टीममध्ये जातात का. मुदत रविवारी दुपारपर्यंत वाढली. विचारलं तर देतात, बहुतेकांना माहीतच नसतं. प्रश्नांपैकी कोचचं उत्तर ‘अजून ठरायचं आहे’ आणि खेळण्याच्या वेळेचं उत्तर ‘हे कोचच्या विवेकावर अवलंबून’. निदान खरं बोलले.

शनिवारी सकाळी शेजारच्या गावी पाऊस. सई थकलेली, मोजे ओले, चेहरा पडलेला. तिथे तिची निवड झाली नाही. मंगळवारी चार ओळींचा ईमेल आला, ‘या वर्षी जागा देता येत नाही’. तोवर आमचं ठरून गेलं होतं, तरी तिनं तो वाचला आणि "इट्स फाइन, आय वॉज कोल्ड" म्हणत खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभी होते, आत गेले नाही. काही वेळानं ती आपणहून जेवायला आली.

गावच्या क्लबचा निकाल शनिवारी रात्री अकराला आला: दुसरी टीम. दोन्ही मैत्रिणी पहिल्या टीममध्ये. रविवारी मदर्स डे होता. सईनं मला कार्ड दिलं आणि मग बराच वेळ टेबलापाशी बोटानं रेघा ओढत बसली. शेवटी म्हणाली, "पण मग मी त्यांच्याबरोबर नाही खेळणार ना." हाच तर तिचा मूळ हेतू होता. त्यावर मला काही सांगण्यासारखं सुचलं नाही. दुपारी बाराच्या आत खासगी क्लबला आभार मानून नकार कळवला, कारण तिलाही तिथलं कोणी ओळखीचं नव्हतं आणि आठवड्यातून तीनदा पन्नास मिनिटं गाडीत बसायची तिची तयारी नव्हती. माझी तर नव्हतीच.

गावच्या क्लबचे वयोगट समन्वयक एक स्वयंसेवक बाबा आहेत. त्यांना मी फोन केला, तक्रार म्हणून नाही, समजून घ्यायला. त्यांनी दुसऱ्या दिवशी कोचला माझ्याशी बोलायला सांगितलं. कोच सात-आठ मिनिटं बोलला आणि ती या सगळ्यातली सर्वांत उपयोगी सात-आठ मिनिटं होती. म्हणाला, पहिल्या टीममधून दोनच मुली बाहेर पडल्या, एका जागी गोलकीपर घेतली, एका जागी बचावाची मुलगी. सईचा वेग चांगला आहे, बॉलच्या मागे जिद्दीनं जाते. पण बॉल यायच्या आधी मान वळवून आजूबाजूला बघत नाही, आणि डाव्या पायानं बॉल थांबवत नाही. दुसऱ्या टीमला ती पूर्ण वेळ मिडफिल्डला खेळेल, पहिल्या टीममध्ये बहुधा अर्धी मॅच बाकावर. अभिप्राय असा नेमका मागा. ‘का घेतलं नाही’ विचारलं की समोरचा बचावात्मक होतो. ‘उन्हाळ्यात तिनं कशावर काम करावं’ विचारलं की बोलतो.

फी १,३५० डॉलर, शरद आणि वसंत दोन्ही सीझन धरून, चार हप्त्यांत. कपडे १९० डॉलरचे, दोन वर्षं तेच चालतात. टूर्नामेंटचा वाटा साठ-सत्तर डॉलर. हिवाळ्यातलं इनडोअर ऐच्छिक. जवळजवळ प्रत्येक क्लबाकडे आर्थिक मदतीचा अर्ज असतो. तो वेबसाइटच्या तळाशी कुठेतरी दडलेला असतो, आणि संकोचापायी आपले लोक तो उघडतही नाहीत. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी खुशाल भरावा, माहिती गुप्त राहते. आणि पैसे परत मिळायची अट सही करण्यापूर्वी वाचा. आमच्याकडे १ जुलैनंतर काही परत नाही, दुखापत झाली तरच अंशतः.

आता फिफा. जूनमध्ये क्लबच्या रजिस्ट्रार बाईंनी वयाचा पुरावा आणि फोटो मागितला, त्यातून प्लेअर पास, म्हणजे खेळाडूचं ओळखपत्र, बनतं. सईचा जन्म पुण्याचा, तीन वर्षांची असताना आम्ही इथे आलो. पासपोर्ट पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ईमेल: जन्म अमेरिकेबाहेरचा आणि वय दहाच्या पुढे, तर इंटरनॅशनल क्लिअरन्स लागेल. फिफाचा हा नियम मुलांना खेळाच्या नावाखाली देशोदेशी नेऊन सोडण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी आहे. वयाची अट आधी बारा होती, २०१५ मध्ये दहा झाली. आमची रेक लीगमधली नोंदणी गावापुरतीच होती, त्यामुळे ती धरली गेली नाही. नवरा म्हणाला, "ग्रीन कार्डाची रांग कमी होती म्हणून ही."

आमच्याकडून मागितलेली कागदपत्रं: सईचा आणि आमचा पासपोर्ट, राहत्या घराचा पुरावा, दहा वर्षांची व्हायच्या आधीपासून ती इथे आहे याबद्दल शाळेचं पत्र, आम्हा दोघांच्या सह्यांचा फॉर्म आणि जन्मदाखला. दाखल्याची गंमत अशी की तो आम्ही बारशाच्या आधीच काढून ठेवला होता, त्यामुळे मुलीच्या नावाची जागा कोरी. आपल्याकडे पुष्कळांच्या दाखल्याचं असं असतं. जन्मनोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत नाव घालून घेता येतं, पहिल्या वर्षानंतर थोडं शुल्क पडतं. ज्यांच्या दाखल्यात नाव नाही त्यांनी पुढच्या भारतवारीत ते काम उरकून घ्या, फक्त सॉकरसाठी नव्हे. आम्हाला तेवढा वेळ नव्हता. मग मी भारतीय पासपोर्टचं शेवटचं पान स्कॅन करून पाठवलं, ज्यावर आईवडिलांची नावं असतात. इथल्या लोकांना ते पान असतं हेच माहीत नसतं, ते पहिलं पान बघतात आणि ‘नातं सिद्ध होत नाही’ म्हणतात. त्या पानावर काम झालं.

अर्ज जूनच्या शेवटी गेला. जुलै पूर्ण शांतता. मी दर सोमवारी रजिस्ट्रार बाईंना विचारायचे आणि त्या दर सोमवारी तितक्याच गोडीनं ‘अजून नाही’ लिहायच्या. प्रॅक्टिसला येऊ शकते, पण मंजुरीशिवाय मॅच नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ती आली. म्हणून सांगते, मूल भारतात जन्मलेलं असेल आणि दहाच्या उंबरठ्यावर असेल तर ट्रायआउटच्या आधीच क्लबला हे विचारून ठेवा. दहा पूर्ण व्हायच्या आत नोंदणी झाली तर काम बरंच हलकं होतं.

पहिली टूर्नामेंट लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंडला. २०२५ ला गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, त्यामुळे गौरी बरोब्बर त्याच वीकेंडला आल्या: रविवारी आवाहन, सोमवारी पूजन. वेळापत्रक टूर्नामेंटच्या चार-पाच दिवस आधी हाती येतं, त्याआधी कितीही विचारलं तरी कोणाला ठाऊक नसतं. रविवारी दुपारी एकची मॅच पाऊण तासावर, परत येऊन घामाघूम पोरीनं गौरीची पावलं काढली. सोमवारी सकाळी साडेआठला मॅच, दुपारी सोळा भाज्यांचा बेत आणि वीस पानं. कोचला मी जूनमध्येच सणांच्या तारखा कळवल्या होत्या आणि पूजनाच्या दिवशी दुपारची मॅच लागली असती तर ती येणार नव्हती, हेही. त्यानं "नो प्रॉब्लेम, आधी सांगितलंत हे बरं" असं उत्तर दिलं. दिवाळीची तारीखही तेव्हाच दिली.

दुसरी टीम लीगच्या खालच्या फ्लाइटमध्ये आहे. पहिल्या तीन मॅचपैकी दोन हरल्या. मॅच तीस-तीस मिनिटांच्या दोन भागांची, सई बहुतेक सगळा वेळ मैदानावर. यू-११ पर्यंत डोक्यानं बॉल मारायला बंदी असते, यू-१२ पासून मॅचमध्ये चालतं. सरावात मात्र आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर नाही. ती अजून बॉल आला की डोकं बाजूला घेते आणि मी त्याबद्दल काही म्हणत नाही. मैत्रिणींशी गाठ मंगळवारी पडते, त्या दिवशी दोन्ही टीमची प्रॅक्टिस शेजारशेजारच्या मैदानांवर असते. लाल केसांची ती धक्का देणारी मुलगी आता तिच्याच टीममध्ये आहे आणि शाळेत जेवायच्या टेबलावरही. माझं म्हणाल तर वीकेंड गेला. शनिवारी मराठी शाळा, रविवारी कुठलं तरी मैदान, आणि मधल्या वेळात धुतलेले मोजे शोधणं. तीन घरांनी मिळून गाड्यांची पाळी लावली तेव्हा जरा श्वास मिळाला. ते पहिल्या आठवड्यातच करा.

आणि हे सगळं पुढच्या वर्षी पुन्हा आहे, वेगळ्या पद्धतीनं. २०२६-२७ पासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मुलांच्या सॉकरच्या संघटना वयोगटाची तारीख बदलताहेत: १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे शाळेच्या वर्षाशी बरंचसं जुळणारी. नोव्हेंबर २०१४ ची सई त्यामुळे पुढच्या वर्षीही यू-१२ मध्येच राहील आणि आणखी वर्षभर नऊ-नऊच खेळेल. तिच्या टीममधल्या जानेवारी ते जुलैच्या मुली यू-१३ ला, अकरा-अकराच्या मोठ्या मैदानावर जातील आणि २०१५ च्या पहिल्या सात महिन्यांतल्या मुली तिच्या गटात येतील. दोन्ही टीम फुटणार. ‘परत येणाऱ्या मुलींच्या जागा’ हा हिशेबच त्या वेळी मोडणार, त्यामुळे ज्यांच्या मुली ऑगस्ट ते डिसेंबरमधल्या आहेत त्यांनी गेल्या वर्षी नकार आला असला तरी पुन्हा जावं. सईच्या दोन्ही मैत्रिणींपैकी एक सप्टेंबरची आहे, दुसरी मार्चची.

आमच्या क्लबनं हिवाळी इनडोअर सरावांत नव्या गटांप्रमाणे मुलींना एकत्र खेळवायचं ठरवलं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर शुक्रवारी संध्याकाळी, १८० डॉलर. सईचं नाव मी काल घातलं.